कोसेसमावशीचं अंडं

“पोराला घेऊन चुलीपाशी उभी राहू नको,” आय म्हणाली. तिचा आवाज असा काही चिरकला की माझ्या सासूबाईंच्या मुठीतलं पीठ कढईत पडायचं ते जमिनीवर पडलं.

पवित्र शनिवारची दुपार होती. दुसऱ्या दिवशी ईस्टर, आणि ईस्टरच्या सकाळच्या मिस्सेच्या प्रार्थनेनंतर माझ्या दोन महिन्यांच्या मुलाचा बाप्तिस्मा. मी बाळंतपणाला माहेरी आलेली. सासर आमच्याच चर्चचं, आळी तेवढी वेगळी, त्यामुळे सासूबाई सकाळीच आंबवलेल्या पिठाची बादली घेऊन आमच्या मागच्या पडवीत येऊन बसल्या होत्या. नातवाच्या बाप्तिस्म्याला घरात फुग्या तळत नाहीत म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. आयनं नाही म्हणून पाहिलं, शेजारून मागवू म्हणाली. पण सासूबाईंपुढे कुणाचं काही चालत नसे, त्यांच्या मुलाचंही नाही.

फुगी तळताना पाहत राहावी अशीच असते. मैदा, अंडी, नारळाचं दूध आणि आंबायला थोडी ताडी, असं ते सैलसर पीठ मुठीत घ्यायचं आणि अंगठ्याच्या बेचक्यातून गोळी पिळून तेलात सोडायची. गोळी बुडते, वर येते, फुगते आणि कुणी न सांगता आपली आपण उलटते. आमच्या वसईकडची लहान पोरं तिला चेंडूच म्हणतात. मी तोच चेंडू माझ्या मुलाला दाखवायला चुलीजवळ गेले होते.

आमच्या घरात फुग्या तळत नसत. कारण सगळ्या आळीला ठाऊक होतं. ते कारण माझ्या डाव्या हाताला होतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एकमेकांना चिकटलेली, तळहातावरची कातडी ताणलेली, चकचकीत. नर्सिंगच्या मुलाखतीत बाईंनी तो हात उलटासुलटा करून पाहिला होता, आणि मी त्यांच्यापुढे पट्टी बांधून दाखवली तेव्हा कुठे मला घेतलं.

घरात सांगत ते असं. मी दीड वर्षाची होते. असाच ईस्टरच्या आदला दिवस. आयची धाकटी बहीण कोसेस मदतीला आलेली. तेव्हा तिचं लग्न ठरलेलं, त्यामुळे पाय जमिनीवर नव्हते म्हणे. मला कडेवर घेऊन ती गप्पा मारत कढईपाशी उभी राहिली, मी चेंडू बघितला आणि हात घातला. बस्स, एवढंच. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, ही गोष्ट सांगताना शेवटी न चुकता म्हणायची, कोसेसच्या हाती पोर देऊ नका. आणि लोकांनी तो शब्द खाली पडू दिला नाही. मावशीचं ठरलेलं लग्न मोडलं. मुलाच्या आईनं निरोप पाठवला की दुसऱ्याचं मूल जिला सांभाळता आलं नाही, ती स्वतःचं काय सांभाळणार. त्यानंतर तिला विचारायला कुणी आलं नाही.

ती माहेरीच राहिली, भावाच्या घरात मागच्या खोलीत. पहाटे मोगरा खुडून बाजाराला द्यायची आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की सणासाठी काजूची अंडी करायची. काजू भिजवून, वाटून, साखर आणि गुलाबपाणी घालून ते मिश्रण आटवायचं, लाकडी साच्यात दाबायचं, दोन अर्धुकं जोडायची आणि सांध्यावर पांढऱ्या साखरेची नक्षी काढायची. गुलाबी, पिवळी, पोपटी अंडी. वांद्र्याच्या बेकऱ्यांतल्या अंड्यांना तिच्या अंड्यांची सर नव्हती, हे मी ती माझी मावशी म्हणून सांगत नाही. गावातली सगळी पोरं तिची अंडी खाऊन मोठी झाली, पण त्यांतलं एकही तिच्या कडेवर बसलेलं नव्हतं.

दर वर्षी पवित्र शनिवारी ती आयसाठी एक अंडं आणून द्यायची. सगळ्यांत मोठं, पांढरं, नक्षीशिवाय. मागच्या फाटकाशीच द्यायची, आत यायची नाही. आय ते घ्यायची, घरातल्या आल्तारावर, म्हणजे देव्हाऱ्यात, माउलीच्या पायाशी ठेवायची आणि कुणालाही हात लावू द्यायची नाही. स्वतःही खायची नाही. आठवड्याभरात मुंग्या लागल्या की केळीच्या बुंध्याशी खड्डा करून पुरायची, कारण मावशी ते आधी फादरांकडे आशीर्वादाला नेऊनच आणायची, आणि आशीर्वाद दिलेली वस्तू फेकायची नसते. मावशी बिचारी अंडं देऊन माफी मागते आणि आय काही विरघळत नाही, असं आम्ही समजत होतो. आयला मी मनातून दगड म्हणत असे.

पुढे हॉस्पिटलात नोकरीला लागले तेव्हा मला हे फारच टोचायला लागलं. आमच्या ड्युटीरूममध्ये ईस्टरच्या आठवड्यात नुसती चंगळ. माझ्या जोडीची नर्स आलेयम्मा पवित्र गुरुवारी घरून तांदळाचा बिनखमिराचा अप्पम आणि गुळाचं नारळदूध आणायची, आणि वाटायच्या आधी क्रूस काढून तो मोडायची. एका पोलिश म्हाताऱ्या सिस्टर होत्या, त्या कांद्याच्या सालींत अंडी उकडून लाल करायच्या आणि आमच्या अंड्यांवर आपलं अंडं आपटून कुणाचं फुटतं ते बघायच्या. हरल्या तर लहान मुलीसारख्या रुसायच्या. एक पारशी पेशंटबाई सांगायच्या, त्यांच्याकडे नवरोजच्या मेजावर रंगवलेली अंडी मांडतात. मी ऐकायचे आणि वाटायचं, जगात सगळीकडे अंडं एकमेकांना देतात, फोडतात, वाटून खातात. आमच्याच घरात ते पुरतात.

म्हणून मुलगा झाला तेव्हा मी ठरवून टाकलं की त्याची धर्ममाता कोसेसमावशीच. बाप्तिस्म्याच्या वेळी मूल धर्ममातेच्या हातावर असतं, सगळ्या गावादेखत. एकदा मावशीनं तिथे माझं मूल धरलं की आजीचा तो शब्द कायमचा पुसला जाईल, असा माझा हिशेब. सासूबाईंनी ऐकताक्षणी मोडता घातला. त्यांना त्यांची मुलगी ग्लोरिया हवी होती. नवरा म्हणाला, दोन्ही घरांना पटेल ते कर, म्हणजे त्यानं अंग काढून घेतलं. मावशीला विचारलं तर ती बराच वेळ बोटांवरचं काजूचं पीठ खरवडत राहिली आणि म्हणाली, आधी तुझ्या आयला विचार. आणि आयला विचारलं की ती उठून दुसऱ्या कामाला लागायची. बाप्तिस्मा उद्यावर आला तरी माझं मूल कुणाच्या हातावर असणार ते ठरलेलं नव्हतं.

तर त्या दुपारी आय अशी ओरडली. मी मागे सरले. सासूबाई म्हणाल्या, “विहीणबाई, मी आहे ना हितं. पोर काय उडी मारतंय?”  आय पडवीच्या टोकाला इंदेलाच्या आंबट-तिखट रश्श्यासाठी मांस धूत बसली होती. ती पाण्यात तोच तुकडा पुन्हा पुन्हा चोळत राहिली. मला तेव्हा तिचा रागच आला. जुनी गोष्ट उगाळायची म्हणजे किती, असं वाटलं.

तेवढ्यात मागचं फाटक वाजलं. मावशी होती, हातात पुठ्ठ्याचा खोका. नेहमीप्रमाणे ती तिथेच थांबली. मी म्हटलं, आज आत ये. ती नको म्हणाली. मग मी मुलाला घेऊन फाटकापर्यंत गेले आणि तिच्या दंडाला धरून तिला आणलं. पडवीच्या पायरीवर येऊन तिनं चूल पाहिली, कढई पाहिली, माझ्या हातातलं मूल पाहिलं आणि तिचा पाय पायरीवरच अडला.

सासूबाई तोंडच्या फटकळ असल्या तरी मनानं वाईट नव्हत्या. त्यांनी या, बसा म्हटलं, एक ताजी फुगी पुढे केली आणि लगेच विषयाला हात घातला. “कोसेसबाय, राग मानू नका. ग्लोरियाला सांगून ठेवलंय मी. पोर लहान हाय. धरणाऱ्याचा हात पक्का पायजे.”

“बरोबर हाय तुमचं,” मावशी म्हणाली.

तिनं भांडावं, निदान तोंड वाकडं करावं असं मला वाटत होतं. ती ‘बरोबर हाय’ म्हणाली आणि खोका खांबाशी ठेवून निघायला वळली. मग मला राहवलं नाही. मी त्या दिवशी जे बोलले ते मी आठवडाभर मनात घोळवून ठेवलं होतं, आणि चांगलं सुंदर करून ठेवलं होतं. मी म्हटलं, “मावशी, थांब. चूक कुणाकडून होत नाही? हात माझा भाजला ना? मग मी सांगते. मी तुला केव्हाच माफ केलंय. मी माफ केल्यावर बाकीच्यांना बोलायचा काय अधिकार?”

बोलून झाल्यावर मला स्वतःचंच कौतुक वाटलं. आता मावशी रडेल, मला जवळ घेईल, सासूबाई विरघळतील. त्यांतलं काहीच झालं नाही. मावशीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती आयकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग होता की काय होतं, मला कळेना.

आयनं हात पाण्यातून काढले. पदराला पुसले. पुन्हा पुसले.

“कुणाला माफ करते गो बेनी?” ती मला म्हणाली. “तू माझ्या कडेवर होतीस.”

सासूबाईंचा झारा कढईतच राहिला. एक फुगी करपून काळी झाली तरी कुणी काढली नाही. मग सासूबाईंनीच भानावर येऊन चुलीतली लाकडं ओढली आणि कढई उतरवून लांब ठेवली. त्यांना काय वाटलं कोण जाणे, पण त्या काही न बोलता पाटावर बसून राहिल्या, आणि ही त्यांच्या बाबतीत फार मोठी गोष्ट होती.

आय सांगत गेली ते उभ्यानंच. त्या दिवशी फुग्या तीच तळत होती. आजीनं बजावलं होतं की पोराला चुलीपाशी आणायचं नाही. कोसेस मला घेऊन बाहेर अंगणात होती. पण मी रडायला लागले, थांबेना, म्हणून आयनंच मला मागून घेतलं, कडेवर बसवलं आणि कोसेसला नारळाचं दूध आणायला आत पाठवलं. एका हातानं मूल, एका हातानं तळण. सगळ्याच बाया करतात तसं. चेंडू वर आला आणि मी वाकले. आय नुसती किंचाळली, तिला दुसरं काही सुचलंच नाही. धावत आली ती कोसेस. तिनं मला हिसकावून घेतलं आणि माझा हात पाण्याच्या हंड्यात बुडवून धरला. आजी आली तेव्हा मूल कोसेसच्या हातात होतं. आजीनं तिच्याकडे बोट दाखवलं आणि तोंड सोडलं.

“मी काय खोटं बोलले नाय,” आय म्हणाली. “मी बोललेच नाय.”

त्या वर्षी आजी आणि आय यांचं आधीच बिनसलेलं होतं. पुन्हा एक चूक कर आणि माहेरची वाट धर, असं आजीनं सर्वांदेखत सुनावलं होतं. माझे वडील आईपुढे मान वर करणारे नव्हते. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात आयनं बहिणीचे हात धरले आणि म्हणाली, थोडे दिवस जाऊ दे. सासूचा राग उतरू दे. पुढच्या ईस्टरआधी मी फादरांकडे पापनिवेदन करीन आणि सगळ्यांना खरं सांगीन. कोसेस हो म्हणाली. तिला वाटलं, थोड्या दिवसांचाच तर प्रश्न. थोड्याच दिवसांत तिचं लग्न मोडलं. त्यानंतर खरं सांगायचं म्हणजे नुसता हात भाजल्याचं सांगायचं नव्हतं, बहिणीचा संसार होण्याआधीच मोडल्याचं सांगायचं होतं. आणि ते आयच्या जिभेवर येईना. सासू गेली, नवरा गेला, भ्यायला कुणी उरलं नाही, तरीही येईना.

मी ऐकत होते आणि माझ्या डोक्यात भलतंच काहीतरी जुळत होतं. सणाच्या मिस्सेला आमचं सगळं घर एका बाकावर बसायचं. कम्युनियनची, म्हणजे फादरांच्या हातून ख्रिस्तप्रसाद घ्यायची वेळ झाली की आम्ही उठायचो आणि आय बसून राहायची. तो प्रसाद उपाशीपोटी घ्यायचा असतो. विचारलं की म्हणायची, इंदेलाचं मीठ पाहिलं गो, उपवास मोडला. दर नाताळला, दर ईस्टरला, मीठ. आम्ही हसायचो, आय इतकी वर्षं इंदेल करते आणि तिला अजून मिठाचा अंदाज नाही म्हणून. एरवीच्या रविवारी ती सगळ्यांत मागे बसायची, तिथे कोण उठलं आणि कोण राहिलं कुणाला दिसत नसे. पाप पोटात ठेवून ख्रिस्तप्रसाद घ्यायचा नाही, एवढं तिनं पाळलं होतं. तेवढंच तिला जमलं होतं.

मला आयचा भयंकर राग आला. त्याहून जास्त मला माझीच लाज वाटली. डॉक्टर म्हणाले होते, हात तत्काळ पाण्यात धरला म्हणून बाकीची तीन बोटं वाचली. त्याचं श्रेय घरात आजीला दिलेलं होतं. त्याच तीन बोटांवर मी नर्स झाले. आणि मावशीनं मला शिकायला जाताना घड्याळ दिलं, लग्नात सोन्याच्या कुड्या दिल्या, तेव्हा मनात कुठेतरी वाटलं होतं की द्यायलाच पाहिजे, माझा हात गेलाय. आत्ता घटकेपूर्वी तर मी तिला सर्वांसमोर माफ करून मोकळी झाले होते. ते शब्द परत गिळता आले असते तर मी काय वाटेल ते दिलं असतं.

मावशी अजून पायरीवरच होती. ती बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता.

“मी दर वर्षी अंडं आणते ते काय म्हणून आणते, सांगितलंस का तिला?”

आयनं मान हलवली, नाही म्हणून.

“तुझी आय व्हरांड्यात म्हणाली होती, ज्या दिवशी खरं सांगीन त्या दिवशी तुझ्या हातचं गोड खाईन, तोवर नाय. म्हणून मी आणायचे. आणून फाटकाशी उभी राहायचे. ती घेऊन आत जायची. दुसऱ्या दिवशी तुम्हा पोरांना विचारायचे, आयनं अंडं खाल्लं का गो? तुम्ही नाय म्हणायचात.”

मला तो प्रश्न आठवला. आम्ही भावंडं उड्या मारत सांगायचो, नाही, आल्तारावर ठेवलंय. आणि मावशी आमच्या हातावर एकेक लहान अंडं ठेवायची.

“कोसेस,” आय म्हणाली, “मला माफ कर.”

“फादरांकडे माग. ते देतील,” मावशी म्हणाली. “मला आत्ताच्या आत्ता नाय जमायचं, बाय.”

ती निघालीच होती. पण माझ्या सासूबाई उठल्या. त्यांनी पिठाचे हात खसाखसा धुतले, पदराला पुसले आणि माझ्या हातातून मूल घेतलं. मला वाटलं ग्लोरियाकडे चालल्या. त्या गेल्या पायरीपर्यंत आणि मूल मावशीपुढे धरलं.

मावशी दोन पावलं मागे गेली. “नको. मला सवय नाय आता. मान कशी धरतात तेसुद्धा…” 

“मी दाखवते ना,” सासूबाई म्हणाल्या. “असा हात घाला मानेखाली. हां. कोपर जरा वर. उद्या फादर पाणी घालतील तेव्हा डोकं या बाजूला कलतं करायचं. येतंय की चांगलं.”

मावशी मुलाला घेऊन पायरीवर बसली. सासूबाई तिच्या शेजारी बसून हे असं, ते तसं करत राहिल्या, आणि मावशी शाळेतल्या मुलीसारखी सगळं ऐकत होती. मुलानं तिचं बोट धरलं. ती रडली ती त्या वेळी, आणि बराच वेळ रडली. तिच्याजवळ जायची आयची हिंमत झाली नाही. तिनं चर्चला जायची ओढणी डोक्यावर घेतली, चपला घातल्या आणि ती फाटकातून बाहेर पडली. चर्चमध्ये ईस्टरआधीच्या पापनिवेदनाची रांग लागलेली असते, सगळं गाव त्या रांगेत असतं. आय त्या रांगेत उभी होती असं मला संध्याकाळी तिघी-चौघींनी येऊन सांगितलं.

रविवारी सकाळी निघताना मी इंदेलाच्या टोपाशी थांबले आणि आयला विचारलं, मीठ पाहिलंस का. ती म्हणाली, “तू पाहा आल्यावर. मी उपाशी हाय.”

बाकावर आम्ही ओळीनं बसलो. सगळ्यांत कडेला मावशी, माझ्या मुलाला घेऊन. आळीतल्या बाया माना वळवून वळवून मागे पाहत होत्या आणि सासूबाई एकेकीला डोळ्यांनीच पुढे वळवत होत्या. कम्युनियनची वेळ झाली. आय उठली. बाहेर पडायचं तर मावशीपुढून जावं लागणार होतं. आय तिच्यापाशी येऊन थांबली. मावशी समोर आल्ताराकडे बघत बसून राहिली. रांग पुढे सरकत होती. मागच्या बाकावरची माणसं निघून गेली.  मग मावशीनं मुलाचं डोकं सांभाळत गुडघे एका बाजूला वळवले, आणि आय त्या फटीतून बाहेर पडली. मावशीनं मान वर केली नाही.

बाप्तिस्मा झाला. पाणी घालताना मूल रडलं नाही, उलट जीभ काढून ओठ चाटायला लागलं, त्यावर फादरही हसले. मावशीचा हात इतका पक्का होता की सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला कोपर मारून ते दाखवलं.

घरी आलो. पडवीत पानं मांडली, फुग्यांची परात आली, इंदेल आलं. त्यात मीठ कमी होतं. आम्ही ते तसंच वाढून घेतलं. खांबाशी कालचा खोका तसाच होता. मावशीनं एका हातावर मूल घेऊन दुसऱ्या हातानं तो उघडला आणि ते पांढरं अंडं ताटात ठेवलं. सांध्यावर बोट दाबून तिनं ते फोडलं. एक तुकडा सासूबाईंना दिला, एक माझ्या नवऱ्याला, एक मला, माझ्या डाव्या हातात. आय समोर बसली होती. तिनं हात पुढे केला नव्हता, पण मांडीवर उघडा ठेवला होता.

मावशीनं राहिलेलं अर्धुकं उचललं आणि तिच्या हातावर ठेवलं.

आयनं ते तोंडाला लावलं. काजूचं अंडं मऊ असतं, लहान मूलसुद्धा दोन घासांत संपवतं. तिला ते गिळवेना. ती चावत राहिली, डोळ्यांतून पाणी गालांवर येत राहिलं, घास तोंडात तसाच. आम्ही सगळे ताटात बघत होतो. मावशी मात्र तिच्याकडे बघत होती, टक लावून, एवढी वर्षं जे बघायचं राहिलं होतं ते पुरतं बघून घेतल्यासारखी. आयला ठसका लागला तरी ती हलली नाही. मग तिनं माझ्या मुलाला डाव्या हातावर नीट घेतलं आणि उजव्या हातानं पाण्याचा तांब्या आयच्या पुढे सरकवला.